बेचाळिसावी ओळ

चौदा नंबरच्या रुग्णाची ओळ पिवळी झाली, तीन सेकंद पिवळीच राहिली आणि मग नाहीशी झाली. खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या. पंधरा तेराच्या खाली येऊन बसला, सोळा पंधराच्या खाली, आणि यादी इतकी गुळगुळीत दिसू लागली की मध्ये कोणी होतं याचा मागमूसही उरला नाही.

वहिनीने पडद्याच्या उजवीकडची यादी पाहिली. ती डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलेल्यांची. तिथे चौदा नव्हता. डॉक्टरांकडे जायच्या यादीत नव्हता, तपासून झालेल्यांतही नव्हता. तिने प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला, तेच आकडे पुन्हा भरले. चौदा पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तिने चौदाऐवजी सहा नंबरला दुसऱ्यांदा थेंब घातल्याची नोंद केली. सहा गेला.

शुक्रवारची दुपार होती, पावणेतीन वाजले होते. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत खिडकीकडचे दोन पंखे चालू होते आणि बाकीचे नेहमीसारखे नुसते लटकत होते. तिकडच्या टोकाला ठकी कोणाच्या तरी कीबोर्डवर ओणवी होऊन त्याला काही समजावत होती. तिच्याभोवती चार जण उभे होते आणि चौघेही हसत होते.

"वहिनी, सगळं हिरवं ना गं?" ठकीने तिथूनच आवाज दिला.

जे बरोबर चालतं त्यापुढे तक्त्यात हिरवी खूण करायची आणि चुकतं त्यापुढे लाल, अशी पद्धत होती. वहिनीने पडद्याकडे पाहिलं. यादी शांत होती.

"हिरवं," ती म्हणाली.

नात्याने ती एकट्या ठकीची वहिनी. पण डिप्लोमाच्या पहिल्याच दिवशी ठकीने वर्गाच्या मागच्या बाकावरून "वहिनी, इकडे ये, जागा धरलीय!" अशी मोठ्याने हाक मारली आणि त्या दिवसापासून ती अख्ख्या वर्गाची वहिनी झाली. एकदा गणिताच्या सरांनीही हजेरी घेताना भरात "वहिनी?" म्हटलं आणि ती "हजर" म्हणाली. वर्ग पोट धरधरून हसला. तीही हसली. ती एकतीस वर्षांची होती आणि बाकीचे सगळे एकोणीस-वीसचे. हसण्यावारी नेणं हेच तिथे शोभलं असतं.

त्याआधी सात वर्षं ती डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसत होती, नावं लिहून घ्यायला. ठकीचा पॉलिटेक्निकला नंबर लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोर एकटी एवढ्या लांब कशी जाणार? तू पण फॉर्म भर गं. तुला शिकायची हौस आहेच." अशी ती सोबत म्हणून गेली. गुणवत्ता यादीत ती ठकीच्या वर, अकराव्या जागेवर होती. हे तिला पाठ होतं. घरात बाकी कोणाच्या ते ध्यानातही नव्हतं, कारण त्या दिवशी सगळे ठकीचं नाव शोधत होते.

शेवटच्या सत्रात जर्नल, तोंडी परीक्षा आणि प्रोजेक्ट एवढंच उरलं, आणि त्यात प्रोजेक्ट सगळ्यात जड. दोघींचा मिळून एक गट होता. विषय वहिनीने सुचवला: डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग. इतर गटांनी वाचनालय घेतलं होतं, बसची तिकिटं घेतली होती. तिथली रांग सरळ असते, लागते आणि संपते. डोळ्यांच्या दवाखान्यातली तशी नसते. नंबर लागतो, नजर तपासतात, मग डोळ्यांत थेंब घालून माणसाला बाजूच्या बाकावर बसवतात, बाहुली मोठी होईपर्यंत. त्याला चाळीस मिनिटं लागतात. तोवर मागून आलेला, थेंब न लागणारा माणूस आत जाऊन बाहेर येतो आणि बाकावर बसलेल्याचं डोकं फिरतं. "मी आधी आलो होतो" हे वाक्य वहिनीने सात वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत कोणी म्हटलं असतं तरी तिने नंबर विचारला असता.

या रांगेचा नियम तिने लिहिला. दोनशे बारा ओळी झाल्या. पहिले थेंब, दुसरे थेंब, मध्येच पाणी प्यायला उठून गेलेला माणूस, चिठ्ठी हरवलेला माणूस, सगळ्यांची सोय त्यात होती. दिसायला ते ओबडधोबड होतं. पण चुकत नव्हतं.

ठकीने एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसून त्याच्या एकसष्ट ओळी केल्या.

"बघ ना वहिनी, कसलं चकाचक झालंय! तुझं सगळं तसंच ठेवलंय, फक्त पसारा आवरला."

प्रोजेक्टच्या मॅडमनी सोमवारी ते पाहिलं आणि दुसऱ्या गटांना बोलावून दाखवलं. "याला म्हणतात सुटसुटीत. वहिनी, तुम्ही जरा धागा फार ओढत बसता." मॅडम वयाने वहिनीपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या होत्या आणि बोलण्यात खोट नव्हती. तेवढ्यात ठकी म्हणाली, "पण मॅडम, कल्पना सगळी वहिनीचीच हं!" आणि मॅडम म्हणाल्या, "असेल ना." ते 'असेल ना' वहिनी दोन दिवस मनात घोळवत राहिली.

एकसष्ट ओळींत थेंब म्हणजे 'झाले' किंवा 'नाही झाले', एवढंच होतं. ठकी कधी त्या बाकासमोर बसली नव्हती. म्हाताऱ्या माणसांची, मधुमेह असलेल्यांची बाहुली पहिल्या थेंबांना दाद देत नाही, त्यांना पुन्हा थेंब घालून पुन्हा बसवावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि प्रोग्रामच्या लेखी एकदा 'झाले' असलेले थेंब पुन्हा होऊच शकत नव्हते. मग दुसऱ्यांदा थेंब घातलेला माणूस डॉक्टरांच्या यादीतून निघायचा आणि बाकाच्या यादीत शिरायचाच नाही. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावरून तो कुठेतरी नाहीसा व्हायचा.

त्यानंतर वहिनीकडे उरलं ते तपासणीचं काम. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, असा तक्ता अहवालात जोडायचा असतो. त्या शुक्रवारपर्यंत तिच्या तक्त्यात एकेचाळीस ओळी होत्या, सगळ्या हिरव्या. बेचाळिसावी तिने लिहिली नाही.

संध्याकाळी बसमध्ये ठकी शेजारी बसून शेंगदाणे खात होती. तिने अर्धे वहिनीच्या हातावर ठेवले.

"तू बघितलंस म्हणजे मला टेन्शन नाही," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांना माझी चूक दिसतच नाही गं. तुला लगेच दिसते."

"दिसते," वहिनी म्हणाली. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या सांगायला काही हरकत नव्हती.

पण त्या सत्रात एक जागा भरायची होती, आणि ती जागा वहिनीच्या मनातून हलत नव्हती.

दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवणारी एक कंपनी दर सत्राला पॉलिटेक्निकमधून एकाला सहा महिने शिकायला घेऊन जायची. दुसऱ्या शहरात, राहायची सोय त्यांची. विभागाने एकच नाव पाठवायचं. सत्राच्या सुरुवातीला मॅडमनी वर्गात विचारलं होतं, कोणाकोणाची इच्छा आहे. ठकीचा हात मॅडमचं वाक्य संपायच्या आत वर गेला होता. मॅडमनी वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं काय?" वहिनीने तोंड उघडलं होतं. तिला खात्री होती की उघडलं होतं.

"वहिनीला कुठे जमतंय मॅडम!" ठकी म्हणाली. "घर आहे, पोर आहे. ही गेली तर आमच्या दादाला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत. आम्हाला कोण जेवायला घालणार?"

सगळे हसले. वहिनीही हसली. ठकीवर ती चिडली होतीच, पण त्याहून जास्त चीड तिला स्वतःच्या त्या हसण्याची आली होती, आणि ती काही केल्या ओसरत नव्हती.

घरी सगळं ठरल्यासारखंच होतं. शनिवारी सासूबाईंनी माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली.

"चेन बघ गं चालते का. ठकीला न्यायला लागेल."

"अजून नाव गेलेलं नाही, आई."

"जाईल. मॅडम म्हणत होत्या ना हिच्यासारखी मुलगी वर्गात नाही म्हणून. हो की नाही रे?"

नवरा जमिनीवर बसून इस्त्रीची वायर जोडत होता. दिवसभर लोकांच्या घरात वायरिंग करायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच, असा त्याचा छंद. "ठकी कुठे जाईल तिथे कोणाचं तरी काहीतरी मोडून येईल," तो म्हणाला.

"दादा! तुझ्यापेक्षा बरी. तू परवा त्या बाईंची घंटाच उलटी लावलीस, दाबलं की बंद आणि सोडलं की चालू!"

"ते नवीन मॉडेल आहे," नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

वहिनीने चेन तीन वेळा पुढेमागे केली. ती व्यवस्थित चालत होती. "अडकतेय जरा," ती म्हणाली.

खोटं बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. बॅगेच्या चेनबद्दल खोटं बोलणारी बाई आपण कधी झालो, हे तिला आठवेना. तिची सहा वर्षांची मुलगी, सोनी, बॅगेत शिरून बसली होती आणि "मी पण आत्याबरोबर जाणार" म्हणत होती. वहिनीने तिला जरा जोरातच बाहेर ओढलं.

उद्याचा परवा झाला. ती रोज मोजत होती, कारण मोजणं हा तिचा स्वभाव होता. सहाव्या दिवशी ग्रंथपालबाईंनी विचारलं, "तुमची नणंद मोठी चुणचुणीत हो, तुम्ही शिकवता का तिला?" नवव्या दिवशी ठकीने अहवालाचं पहिलं पान छापून आणलं. त्यावर वहिनीचं नाव आधी होतं आणि ठकीचं खाली.

"असं का?" वहिनीने विचारलं.

"तू मोठी ना. आणि दवाखाना तुझा."

वहिनीने पान हातात धरलं. उपकार केल्याचा भाव ठकीच्या चेहऱ्यावर शोधला, आणि तो सापडला नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. ही पोरगी नाव खाली ठेवूनही खाली जात नव्हती. सगळं हातात असलेल्या माणसाला असं उदार होता येतं, असं वहिनीने स्वतःला समजावलं आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

बाराव्या दिवशी तिने तक्त्याची फाइल उघडली. बेचाळीस हा आकडा टाकला. 'एकाच रुग्णाला दुसऱ्यांदा थेंब' असं लिहिलं. मग ठकी कोणाशी तरी मोठ्याने हसली, आणि वहिनीने ते पुसून टाकलं.

ठकी दर एक-दोन दिवसांनी विचारत राहिली. "वहिनी, शेवटचं एकदा बघितलंस ना? दवाखान्यात फजिती नको गं." आणि वहिनी दर वेळी हो म्हणत राहिली. खरं तर तिने दर वेळी बघितलंच होतं. रोज दुपारी ती चौदा नंबरला दुसऱ्यांदा थेंब घालून तो नाहीसा होताना पाहायची. ती चूक कोणी दुसऱ्याने दुरुस्त केली नाही ना, याची खात्री करून घ्यायची.

तिच्या मनातला हिशेब सोपा होता. एक सकाळ दवाखान्यात खरी माणसं घेऊन प्रोग्राम चालवून दाखवायचा, मॅडम समोर असणार, आणि त्या दिवशी दुपारी नाव जाणार. तिथे चूक निघाली तर एकसष्ट ओळी कोणाच्या हे मॅडमना ठाऊक होतं. दोनशे बारा कोणाच्या तेही. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त काही बोलायचं नव्हतं. आणि बोलायचं नाही, यात तिची हयात गेली होती.

बुधवारी, एकोणिसाव्या दिवशी, दवाखान्याच्या लोकांनी तिला दारातच घेरलं. सिस्टर म्हणाल्या, "आलीस का बाई! तू गेल्यापासून खिडकीवर रोज रामायण." पण तिच्या मागून ठकी हातात संगणकाचे दोन पडदे आणि खांद्यावर वायरींची वेटोळी घेऊन आली, आणि दहा मिनिटांत सिस्टर ठकीला स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवत होत्या.

त्या दिवसापुरती कागदाची पद्धत बंद ठेवली होती. एरवी थेंबांची वेळ पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून ती फाइलीला टाचायची आणि दुसरे थेंब घातले की फाइल ट्रेमध्ये आडवी ठेवायची, अशी रीत होती. ही आडव्या फाइलीची रीत वहिनीनेच पाडलेली. आज ट्रे रिकामा होता आणि सगळ्या फाइली खोक्यात उभ्या होत्या.

दीड तास सगळं फार छान चाललं. पडद्यावर नंबर येत होता, माणूस उठत होता, भांडण झालं नाही. मॅडम मागच्या भिंतीशी उभ्या राहून वहीत काही लिहीत होत्या आणि अधूनमधून मान डोलवत होत्या. ठकी मोठ्या डॉक्टरांना थांबण्याच्या सरासरी वेळेचा आलेख दाखवत होती. डॉक्टर "वा" म्हणाले. वहिनी थेंबांच्या टेबलाशी नोंदी करत होती, आणि तिला एक चमत्कारिक भीती वाटत होती, की आज कोणालाच दुसरे थेंब लागणार नाहीत.

सव्वाअकराला सिस्टरनी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या डोळ्यावर विजेरी धरली. "आजोबा, बाहुली उघडली नाही हो. अजून एकदा घालू या."

"घाला की. डोळा काय माझं ऐकतो?" शिंपी म्हणाला. "सुईत दोरा ओवायचं म्हटलं की नातीला हाक मारावी लागते. ती म्हणते आजोबा, आधी डोळे शिवून घ्या."

वहिनीने नोंद केली. पडद्यावर सदतीस नंबरची ओळ पिवळी झाली, तीन सेकंद तशीच राहिली आणि गेली. अडतीस वर सरकला.

शिंपी भिंत धरत धरत बाकाच्या टोकाशी जाऊन बसला. त्याने डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटवून, जणू सुई धरली आहे.

पावणेबारा झाले, बारा झाले. वहिनीने घड्याळ पाहिलं नाही असं एकही पाच मिनिटांचं अंतर नव्हतं. ठकीच्या हे आता लक्षात येईल, असं ती स्वतःला सांगत होती. आता ती बाकाकडे बघेल. ठकी बाकाकडे बघत होती, पण तिला बाकावर माणसं दिसत होती आणि पडद्यावर माणसं दिसत होती, आणि त्यातला एक कमी आहे हे नुसत्या नजरेने कळायला सात वर्षं तिथे बसावं लागतं.

साडेबाराला शिंप्याने पायांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "ताई, सदतीस होऊन गेला का हो? मला दिसत नाही वर काय लिहिलंय."

पाय वहिनीचे होते.

"येईल आजोबा," ती म्हणाली.

हे वाक्य तिने या जागेवर हजारदा म्हटलं असेल, आणि दर वेळी ते खरं होतं. सात वर्षांत तिच्या हातून एकही माणूस हरवला नव्हता. पावसाळी दिवशी दोनशे माणसं असोत की शिबिराच्या दिवशी चारशे. ही गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण न हरवलेल्या माणसाचं कोण कौतुक करणार? पण ती तिची होती. बाकी सगळं ठकीचं असलं तरी ही तिची होती. शिंपी मान खाली घालून पुन्हा वाट बघू लागला, आणि वहिनी वळली. ती ठकीकडे धावली नाही. डॉक्टरांच्या खोलीकडे धावली.

खोली रिकामी होती. मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी वरच्या मजल्यावर निघून गेले होते. यादी संपली होती ना. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'सर्व रुग्ण तपासून झाले' असं आलं होतं आणि ते बघून ते उठले होते.

मग व्हायचं ते झालं. सिस्टरनी बाकावरचा शिंपी पाहिला आणि आवाज चढवला. दोनदा थेंब घालून माणूस दीड तास बसवला, आणि आता पुढच्या बुधवारी या म्हणून कसं सांगायचं? शिंपीच म्हणाला, "राहू द्या हो, मशीन आहे, माणूस नाही. मशीनला काय कळतं." त्याला घरी सोडायला दवाखान्याचा ड्रायव्हर गेला. ठकीने त्याचा हात धरून त्याला गाडीपर्यंत नेलं आणि परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. मॅडमनी वही मिटली.

"तीन वाजता माझ्या खोलीत," त्या म्हणाल्या. "दोघीही."

मॅडमची खोली म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लाकडी फळ्या मारून केलेली जागा होती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि गेल्या पाच वर्षांचे अहवाल छतापर्यंत. टेबलावर कंपनीला पाठवायचा फॉर्म होता आणि नावाची जागा कोरी होती.

"ही चूक नेमकी कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या भागात," ठकी म्हणाली. तिने बसमध्ये मांडीवर कागद घेऊन ती शोधून काढली होती. वीस मिनिटांत. "मी थेंब एकदाच होतात असं धरलं. वहिनीच्या जुन्या लिखाणात ते बरोबर होतं मॅडम. मीच बदललं. मला वाटलं ती उगाच दोनदा तेच लिहितेय. तिला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही." तिने नाक पुसलं. "आजोबांकडे मी पुढच्या बुधवारी स्वतः जाईन, आणायला."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. चूक कबूल करण्यातसुद्धा हिचा पहिला नंबर, असा विचार तिच्या मनात आला. इतक्या सगळ्यानंतरही तो आला, आणि तो किती जुना, किती सवयीचा आहे हे तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

मॅडमनी फॉर्म स्वतःकडे ओढला. "चूक कोणाकडूनही होते," त्या म्हणाल्या. "पण दवाखान्यासाठी काम करणारी कंपनी आहे ही. माणूस कसा हरवतो हे ज्याला आधी सुचतं तोच तिथे जायला हवा. वहिनी, तुमच्या दोनशे बारा ओळींना मी धागा ओढणं म्हणाले होते. माझंही चुकलं." त्यांनी पेन उघडलं. "मी तुमचं नाव लिहिते. घरी जमेल का ते आजच विचारून सांगा."

"जमेल," ठकी लगेच म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मी बघते घरचं. आईला मी सांगते. सोनीला शाळेत सोडायचं मी करीन. वहिनी, तू जा. खरंच जा."

पेनाचं टोक कागदाला लागलं होतं. एवढंच व्हायला हवं होतं. एकोणीस दिवस ती याचीच वाट बघत होती, आणि ते जसंच्या तसं, तिच्या हिशेबाप्रमाणे झालं होतं.

"लिहू नका," वहिनी म्हणाली.

मॅडमनी वर पाहिलं.

"तपासणीच्या तक्त्यात एकेचाळीस ओळी आहेत. बेचाळीस हव्या होत्या." तिचा आवाज तिलाच परका वाटला, इतका तो सरळ होता. "दुसऱ्या थेंबांची चूक मला आधीच सापडली होती. मी ती लिहिली नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिली नाही. आज सव्वाअकराला सदतीस नंबर गेला, तो मी जाताना पाहिला. आणि गप्प बसले."

फळ्यांच्या पलीकडे कोणीतरी प्रिंटर सुरू केला. त्याने खरखरत तीन-चार पानं ओकली आणि तो थांबला.

"किती दिवसांपूर्वी?" ठकीने विचारलं.

"एकोणीस."

ठकीने बोटांवर काहीतरी मोजलं. "मी सारखी विचारत होते तुला."

"हो."

"तू हो म्हणत होतीस."

"हो."

ठकी रडली नाही. रडली असती तर वहिनीला सोपं गेलं असतं. ती खुर्चीत जराशी मागे सरकली, तेवढंच, जसं अनोळखी माणूस शेजारी बसल्यावर आपण सरकतो. "का पण?" ती म्हणाली. "माझं काय चुकलं होतं वहिनी? तुला काही हवं होतं तर मला सांगायचंस ना. मी काय नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं. तेच तर," वहिनी म्हणाली. "तू दिलं असतंस. मला ते तुझ्याकडून नको होतं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण राग येऊन गेल्यावरही त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "आजचा माणूस आंधळा झाला नाही, हे तुमचं नशीब," त्या म्हणाल्या. "याचे गुण मी कापणार आहे. विभागप्रमुखांनाही सांगावं लागेल."

"हो मॅडम. ठकीचं नाव लिहा."

"ते तुम्ही नका सांगू. कोणाचं नाव लिहायचं, की या वेळी कोणाचंच लिहायचं नाही, ते मी आणि विभागप्रमुख ठरवू. तुम्हाला त्यात आता बोलायचा अधिकार नाही." मॅडम पुढे वाकल्या. "पण एक मला समजू द्या. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना विचारलं होतं. तुम्हालाही विचारलं होतं. तुम्ही हसलात. म्हणून आज तुम्हाला पुन्हा विचारते, आणि ही उत्तर देणार नाही." त्यांनी ठकीकडे न बघता हात वर केला. ठकी तशीही काही बोलणार नव्हती. "तुम्हाला जायचंय की नाही?"

सासूबाई काय म्हणतील, मुलीच्या वेण्या कोण घालेल, नवरा काय थट्टा करील, आणि आता या घरात ठकी आपल्याशी बोलेल की नाही, हे सगळं वहिनीच्या मनात एकामागून एक उभं राहिलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"जायचंय," ती म्हणाली. "नाव जावो न जावो. पण मला जायचंय, मॅडम."